आतडं जंतूला कशावरून ओळखतं?

अर्धवट शिजलेल्या अंड्यातून किंवा कोंबडीच्या मांसातून साल्मोनेला जीवाणू पोटात गेले, तर माणूस त्याच क्षणी आजारी पडत नाही. निदान सहा तास, कधी दोन-तीन दिवस, काहीच घडत नाही असं वाटतं. मग मुरडा येतो, अंग तापतं, जुलाब सुरू होतात आणि आपण म्हणतो, बाहेरचं खाणं बाधलं, जंतूंनी पोट बिघडवलं. या बोलण्यात सगळं जंतू करतात आणि आतडं नुसतं सोसतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या संशोधनाने हे चित्र बरंचसं बदललं आहे. जुलाबातलं पाणी, पोटातली कळ, विष्ठेत सापडणाऱ्या पांढऱ्या पेशी, अस्तरातून सुटून पडणाऱ्या पेशी, यातलं पुष्कळसं आतड्याने स्वतः घडवून आणलेलं असतं. सुरुवात जंतूपासून होते हे खरंच. पण आजाराला रूप येतं ते आतड्याच्या पेशी त्याला काय उत्तर देतात, किती जोराने देतात आणि कधी गप्प राहतात यावरून. माझं म्हणणं त्याहून एक पाऊल पुढचं आहे. आतड्याची पेशी जंतूची जात पाहत बसत नाही. तो कुठवर पोचला आणि तिथे त्याने काय केलं, हे ती पाहते. तिची ताकद या पारखण्यात आहे, आणि तिला फसवण्याची वाटही तिथूनच जाते.

जात पाहून का भागत नाही, हे समजायला आतड्याची अडचण आधी समजून घ्यावी लागते. आतड्याचं अस्तर म्हणजे एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या पेशींचा एकच थर, मिलिमीटरच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या भागाइतका जाड. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने हिशोब करून पचनमार्गाच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सरासरी ३२ चौरस मीटर भरतं असं दाखवलं. जुन्या पुस्तकांतले आकडे याच्या कितीतरी पट मोठे होते. पण ३२ चौरस मीटरही काही कमी नाही, आणि एवढ्या पसाऱ्याचं रक्षण एका थराने करायचं आहे. या थराच्या पलीकडे, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू कायमचे वस्तीला असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, काही तर उपकारक. शत्रू आणि शेजारी यांची रेणूंची ठेवण मात्र बरीच सारखी असते. निरुपद्रवी ई. कोलायच्या बाह्य आवरणात जो स्निग्ध-शर्करायुक्त रेणू असतो, त्याच घडणीचा साल्मोनेलाच्या आवरणातही असतो. पोहण्यासाठी लागणारी शेपटी दोघांना असते आणि ती फ्लॅजेलिन नावाच्या एकाच कुळातल्या प्रथिनाची बनलेली असते. अशा रेणूच्या नुसत्या दर्शनाने पेशी पेटून उठली, तर आतडं जन्मभर सुजलेलंच राहील. मुळीच दखल घेतली नाही, तर पहिलाच साल्मोनेला रक्तापर्यंत जाईल.

यावरचा पहिला उपाय म्हणजे अंतर. अस्तरातल्या काही पेशी सतत श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रव, सोडत असतात. मोठ्या आतड्यात या श्लेष्माचे दोन थर असतात: बाहेरच्या सैल थरात जीवाणू राहतात, आतला घट्ट थर जवळपास निर्जंतुक असतो. लहान आतड्यात श्लेष्म विरळ, पण तिथल्या खोलगट खळग्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी असतात. लायसोझाइम आणि डिफेन्सिन अशी जंतुनाशक प्रथिनं त्यांच्याकडे तयार असतात. त्यातलं डिफेन्सिन-६ तर जंतूला मारतही नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून बारीक जाळं बनतं आणि जीवाणू त्यात अडकून पडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की एका विशिष्ट जंतुनाशक प्रथिनामुळे जीवाणू आणि लहान आतड्याची पेशी यांच्यात सुमारे ५० मायक्रोमीटरची मोकळी जागा राखली जाते. ते प्रथिन काढून टाकलं की जीवाणू थेट पेशींना येऊन टेकतात. म्हणजे निरोगी आतड्यात पेशीला जंतूचा स्पर्श होणं हीच मुळात नेहमीपेक्षा वेगळी घटना आहे, आणि पेशीने सावध होण्यासाठी ती पहिली खूण आहे.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. फ्लॅजेलिन ओळखणारं टीएलआर-५ नावाचं प्रथिन पेशीत सरसकट पसरलेलं नसतं. २००१ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर झालेल्या कामात असं आढळलं, की फ्लॅजेलिन पेशीच्या वरच्या, म्हणजे अन्नाकडच्या बाजूला टाकलं तर ती शांत राहते. तेच खालच्या, म्हणजे शरीराकडच्या बाजूला पोचलं की लगेच रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप सोडते. अंगणात कोण आला-गेला याची घरच्या माणसाने फारशी विचारपूस करू नये, पण माजघरात अनोळखी पाऊल वाजलं की सगळं घर जागं व्हावं, तसा हा प्रकार आहे. यावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतला गेलाही आहे: ही विभागणी सगळ्या आतड्यात इतकी काटेकोर नाही. उंदरांच्या लहान आतड्यात टीएलआर-५ प्रामुख्याने पॅनेथ पेशींतच सापडतं, इतर पेशींत फार थोडं. आक्षेप रास्त आहे. त्याने या प्रथिनाचा नकाशा बदलतो, पण मूळ तत्त्वाला धक्का लागत नाही. कारण या तत्त्वाचा सर्वांत भक्कम पुरावा पेशीच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला नसून तिच्या पोटात, पेशीद्रवात आहे.

साल्मोनेला आतड्याच्या पेशीत शिरतो ती रीत मोठी विलक्षण आहे. त्याच्या अंगावर सुईसारखी पोकळ रचना असते. ती पेशीच्या पटलाला टेकवून तो आपली डझनावारी प्रथिनं थेट पेशीच्या आत सोडतो. ही प्रथिनं पेशीच्या आतल्या सांगाड्याची सूत्रं हातात घेतात. पेशीच्या पृष्ठभागावर लाटांसारख्या घड्या उसळतात आणि काही मिनिटांत जंतूला गिळून आत घेतात. एरवी आतड्याची शोषक पेशी जीवाणू गिळत नाही. इथे तिच्याकडून ते करवून घेतलं जातं. या हल्ल्यातच जंतूचा घात करणारी एक गोष्ट आहे. सुई टोचताना सुईचे स्वतःचे घटक आणि थोडं फ्लॅजेलिन पेशीद्रवात सांडतं. शेजारी राहणारा निरुपद्रवी जीवाणू पेशीद्रवात काही सोडत नाही, कारण त्याला सुई नाही. तेव्हा पेशीद्रवात सुईचा तुकडा सापडणं याचा अर्थ एकच होतो. या तुकड्यांना पकडण्यासाठी पेशीत नायप नावाची प्रथिनं तयार असतात. तुकडा हाती लागला की ती एनएलआरसी-४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतात, त्याचे रेणू एकामागून एक जोडले जाऊन चक्राकार जुळणी होते आणि त्यावर कॅस्पेज-१ हे विकर कामाला लागतं. ते गॅसडर्मिन-डी या प्रथिनाला कापतं, आणि त्याचे मोकळे झालेले भाग पेशीच्या पटलात छिद्रं पाडतात.

छिद्रं पडलेली पेशी मरते, पण अस्तरात ती कशी मरते हे महत्त्वाचं आहे. झुरिकमधल्या वोल्फ-डीट्रिश हार्ट यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की साल्मोनेला शिरलेली पेशी थरातून उचलून आतड्याच्या पोकळीत टाकली जाते, आणि तिच्यासोबत तिच्यातले जंतूही. नायप-एनएलआरसी-४ ही यंत्रणा फक्त अस्तराच्या पेशींतून काढून टाकली, तर त्या उंदरांच्या अस्तरात साल्मोनेलाची संख्या कितीतरी पटींनी वाढते. बाजूच्या पेशी मरणाऱ्या पेशीला सर्व बाजूंनी आवळून वर ढकलतात आणि तिची जागा त्याच वेळी भरून काढतात, त्यामुळे थरात भोक राहत नाही. हे परवडतं, कारण आतड्याच्या अस्तरातली बहुतेक प्रत्येक पेशी तीन ते पाच दिवसांत तशीही गळून पडायचीच असते. खळग्यांच्या तळच्या मूळपेशी रात्रंदिवस नव्या पेशी तयार करत असतात. मेंदूच्या किंवा हृदयाच्या पेशीला असा त्याग परवडला नसता. मला वाटतं, आतड्याच्या अस्तराची खरी तटबंदी कुठली असेल तर ती ही: संशय पक्का झालेल्या पेशीला सोडून देण्याची तयारी.

पेशी ‘पाहते’, ‘सावध होते’, ‘सोडून देते’, ही भाषा काही वाचकांना खटकेल आणि त्यांचं खटकणं बरोबर आहे. पेशीला हेतू नसतो. एका रेणूला दुसरा रेणू चिकटतो, त्याचा आकार बदलतो, पुढची साखळी सुरू होते, इतकंच. पण ही साखळी कुठल्या जागी मांडलेली आहे आणि कुठल्या मर्यादेनंतर सुटते, हे कोट्यवधी वर्षांच्या निवडीतून ठरलं आहे. त्या मांडणीला काहीतरी म्हणायला हवं, आणि निवाडा हा शब्द मला तिच्या सर्वांत जवळचा वाटतो.

पुराव्यांत मला सर्वांत पटणारा पुरावा शिगेलाचा आहे. रक्ती हगवण घडवणारा हा जंतू माणसात दहा ते शंभर इतक्या अल्प संख्येनेही आजार घडवू शकतो. उंदराला मात्र कोट्यवधी शिगेला तोंडावाटे पाजले तरी तशी हगवण होत नाही. कित्येक दशकं हे कोडं होतं, आणि त्यामुळे शिगेलाच्या हगवणीचा अभ्यास उंदरावर नीट करता येत नसे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रसेल व्हान्स यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये हे कोडं सोडवलं. उंदराच्या शरीरातून नायप-एनएलआरसी-४ ही एकच यंत्रणा काढून टाकली, तर तोच उंदीर शिगेलाने आजारी पडतो. मोठं आतडं सुजतं, जुलाब होतात. म्हणजे उंदीर वाचत होता तो त्याच्या आतड्याच्या पेशी वेळीच स्वतःला सोडवून घेत होत्या म्हणून. मग माणूस का वाचत नाही? कारण शिगेला माणसाचा जंतू आहे आणि माणसाच्या पेशीची हीच वाट अडवण्यात तो तरबेज झाला आहे. त्याचं एक प्रथिन कॅस्पेज-४ या विकराला निकामी करतं. जीवाणूच्या आवरणाचा रेणू पेशीद्रवात सापडला की माणसाच्या आतड्यात हेच विकर पेशीला मरणाकडे नेत असतं. त्याचं दुसरं एक प्रथिन माणसाचं गॅसडर्मिन-डी नष्ट करवतं, पण उंदराचं नाही. तिसरं प्रथिन पेशीचे पाय खालच्या पडद्याला घट्ट रोवून ठेवतं, म्हणजे ती गळून पडू नये. एका जंतूने एवढी निरनिराळी हत्यारं एकाच कामासाठी बाळगावीत, यावरून त्या कामाचं महत्त्व कळतं. पेशीचं गळून पडणं हा जर संसर्गाचा निव्वळ दुष्परिणाम असता, तर तो थांबवण्याचे कष्ट शिगेलाने घेतले नसते.

याच उदाहरणातून एक गंभीर शंकाही निघते. उंदराच्या आणि माणसाच्या पेशीत इतका फरक असेल, तर उंदरावरून काढलेले निष्कर्ष माणसाला किती लागू पडतात? सरसकट लागू पडत नाहीत, हे मान्य करायला हवं. लिस्टेरियाचं उदाहरण बोलकं आहे. हा जंतू माणसाच्या आतड्याच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून आत शिरतो. उंदराच्या त्याच प्रथिनात सोळाव्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, आणि तेवढ्याने लिस्टेरियाची पकड सुटते. एका अमिनो आम्लाने सगळा प्रयोग फसू शकतो. म्हणूनच माणसाच्या आतड्याच्या मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या आतडेसदृश गोळ्यांचं महत्त्व वाढलं आहे. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये उंदराच्या पेशींपासून त्यांची सुरुवात झाली आणि लवकरच ती पद्धत माणसाच्या पेशींपर्यंत आली. माणसाच्या अस्तरात एनएलआरसी-४ पेक्षा कॅस्पेज-४ चा वाटा मोठा दिसतो. कुठलं प्रथिन पहारा देतं हे प्राण्यागणिक बदलतं. पहारा पेशीद्रवात बसलेला आहे आणि संसर्ग झालेली पेशी बाहेर टाकली जाते, या दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे टिकतात.

आतापर्यंतचं वाचून वाटेल, की आतड्याचं उत्तर जितकं जोरदार तितकं चांगलं. इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. पेशी बाहेर टाकणं हा स्थानिक, काटकसरीचा उपाय आहे. तेवढ्याने भागलं नाही की दाह सुरू होतो: रक्तातून न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी लोंढ्याने येतात, ऑक्सिजनची जहाल संयुगं सोडतात, आणि त्यात जंतूंइतकंच आपलंही नुकसान होतं. अमेरिकेत डेव्हिस येथे आंद्रेआस बॉयम्लर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की साल्मोनेलाला हा दाह चक्क हवा असतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. अस्तराच्या पेशी त्याचं रूपांतर थायोसल्फेटमध्ये करून तो निरुपद्रवी करतात. दाहाच्या वेळी न्यूट्रोफिलांनी सोडलेली संयुगं या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट बनवतात. आणि साल्मोनेला ऑक्सिजनऐवजी टेट्राथायोनेटवर श्वसन करू शकतो. आतड्यातल्या बहुसंख्य रहिवासी जीवाणूंना ते जमत नाही. म्हणजे शरीर पेटवतं ती आग एका पाहुण्यालाच ऊब देते आणि बाकीची वस्ती होरपळते. विशेष असं, की विष्ठेतून साल्मोनेला शोधण्यासाठी प्रयोगशाळा १९२० च्या दशकापासून टेट्राथायोनेट घातलेलं पोषकद्रव्य वापरत आल्या आहेत. हा रेणू साल्मोनेलाला मानवतो हे सूक्ष्मजीवतज्ज्ञांना तेव्हापासून ठाऊक होतं. तो आजारी आतड्यातच तयार होतो, हे कळायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली.

या संघर्षातली जंतूची बाजूही एकसंध नाही. आतड्याच्या पोकळीतल्या सगळ्याच साल्मोनेलांना सुई फुटत नाही. एकाच वंशाचे असूनही काही ती तयार करतात, काही करत नाहीत. अस्तरात घुसणारे बहुतेक तिथेच मारले जातात. पण त्यांच्या मरण्याने जो दाह उसळतो, त्याचा लाभ पोकळीत राहिलेल्या त्यांच्या भावंडांना होतो. झुरिकच्याच संशोधकांनी २००८ मध्ये ही मांडणी केली. अस्तराची पेशी थरासाठी मरते, आणि तिच्यात घुसलेला जंतूही आपल्या कुळासाठी मरतो.

मग दाहाने शत्रूचाच फायदा होत असेल, तर शरीर तो का करतं? हा या सगळ्या युक्तिवादावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. माझ्या मते याचं उत्तर पणाला काय लागलं आहे यात आहे. आतड्यात साल्मोनेला काही दिवस माजला तर माणूस हैराण होतो. तो रक्तात पसरला तर जीव जातो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील देशांत एचआयव्ही झालेल्या प्रौढांना आणि मलेरिया, कुपोषण यांनी खंगलेल्या मुलांना, एरवी फक्त जुलाब घडवणारा साल्मोनेला रक्तात शिरून मारतो. प्रतिकाराची फळी मोडली की काय होतं, ते तिथे दिसतं. दाह हा आतड्यातली लढाई हरण्याचा धोका पत्करून रक्तातली लढाई टाळतो. शिवाय तो कायमचा नसतो. दाह ओसरला आणि रहिवासी जीवाणू पुन्हा जम बसवू लागले, की तेच साल्मोनेलाला हळूहळू हुसकून लावतात. या वस्तीचं वजन किती, हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं: उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन देऊन ती वस्ती उठवली, तर संसर्गाला सुमारे एक लाख साल्मोनेला लागत होते तिथे दहाहून कमी पुरू लागले.

जुलाबाबद्दलही असाच प्रश्न विचारला जातो. एवढं पाणी वाहून जातं, ते जंतू धुऊन काढण्यासाठीच का? याचं एकच उत्तर नाही. पटकीत पाणी वाहतं ते जंतूच्या हुकमावरून. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात पटकीच्या जंतूंच्या संवर्धनाचं गाळलेलं, जंतूविरहित पाणी घातलं आणि वेटोळं द्रवाने फुगलं. जंतू नसतानाही परिणाम झाला, म्हणजे काम विषाचं होतं. हे विष पेशीच्या आतली एक कळ दाबून धरतं, क्लोराइडची वाट उघडीच राहते आणि त्यामागे पाणी वाहत सुटतं. पेशी मरत नाही, दाह जवळपास होत नाही. ती अखंड असते आणि तरी माणूस काही तासांत कोरडा पडतो. ती अखंड असते म्हणूनच एक वाट उरते: ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीने आत घेणारी यंत्रणा विषाने बिघडत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावण्यांत दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-साखरेचं पाणी हजारो रुग्णांना पाजलं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. याउलट उंदरांच्या आतड्याला चिकटणाऱ्या सिट्रोबॅक्टर जंतूच्या अभ्यासात वेगळंच दिसलं. तिथे शरीराच्या प्रतिकारसंस्थेचा निरोप मिळाल्यावर अस्तराच्या पेशी आपल्यामधल्या सांध्यात क्लॉडिन-२ या प्रथिनाची वाट उघडतात आणि पाणी बाहेर सोडतात. ही वाट नसलेल्या उंदरांत जुलाब कमी होतात, पण जंतू जास्त टिकतात आणि आजार बळावतो. एकच लक्षण एका आजारात लुटीचं आहे आणि दुसऱ्यात बचावाचं.

डॉक्टर साध्या साल्मोनेलाच्या जुलाबांत प्रतिजैविकं द्यायला का कचरतात, ते यावरून उमगतं. निरोगी प्रौढात ती आजार लक्षणीयरीत्या आवरत नाहीत, उलट विष्ठेतून जंतू पडत राहण्याचा काळ लांबवू शकतात; रहिवासी वस्ती उठवली जाते हे त्यामागचं एक कारण. विष्ठेत रक्त असताना, ताप चढलेला असताना आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी घेणं त्याहून वाईट. पाणी आणि क्षार भरून काढत आतड्याला त्याचं काम करू देणं, हेच बहुतेकांच्या बाबतीत पुरेसं ठरतं. तान्ही बाळं, फार म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांचा अपवाद मात्र मनावर घ्यायलाच हवा. त्यांच्यात जंतू रक्तात जाण्याची भीती खरी असते, आणि तिथे प्रतिजैविक वेळेवर द्यावंच लागतं.

पेशी वागणुकीवरून निवाडा करते, तर वागणूक लपवणारा जंतू तिच्या हातून निसटायला हवा. विषमज्वराचा जंतू नेमकं हेच करतो. तोही साल्मोनेलाच, सुई आणि शेपटी दोन्ही बाळगणारा. जुलाबाच्या साल्मोनेलाचा सख्खा नातलग. पण अस्तर ओलांडून ऊतीत शिरताच त्याचं एक नियंत्रक प्रथिन शेपटी आणि सुई दोन्हींचं उत्पादन आवरतं घेतं, आणि अंगावर ‘व्हीआय’ नावाचं शर्करेचं आवरण चढवतं. त्या आवरणाखाली जीवाणूच्या पृष्ठभागाचे ओळखीचे रेणू झाकले जातात. आतड्यात न्यूट्रोफिलांचा लोंढा येत नाही, पहिल्या दिवसांत जुलाबही सहसा होत नाहीत. साधारण एक-दोन आठवडे रुग्णाला काही कळत नाही, आणि ताप चढतो तेव्हा जंतू यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठून बसलेला असतो. अन्नातून आलेल्या दोन सख्ख्या नातलगांपैकी एक काही दिवस छळून बहुधा निघून जातो आणि दुसरा आवाज न करता जिवावर उठतो. आतड्याचा गोंगाट त्रासदायक असला, तरी त्याची शांतता अधिक घातक असू शकते, याचं विषमज्वराहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

हे आवरण जंतूचं रक्षण करतं, तसंच ते त्याला पकडण्याची खूणही ठरतं. ‘व्हीआय’ शर्करा धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडून बनवलेली लस भारतात तयार झाली, आणि २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी पातळीवर या लसीचा असा वापर जगात तिथे पहिल्यांदा झाला. ज्या खुणेकडे पाहून आतड्याची पेशी गप्प बसते, तिच्याविरुद्ध रक्तातली प्रतिपिंडं आधीच तयार ठेवायची, अशी ही योजना. तिला एक मर्यादा आहे. आपल्याकडे विषमज्वरासोबतच आढळणाऱ्या पॅराटायफॉइड ‘ए’च्या जंतूला ‘व्हीआय’ आवरण नसतंच, त्यामुळे ही लस त्याला अडवत नाही. तो लपतो तो पृष्ठभागावरच्या अतिशय लांब शर्करासाखळ्यांआड, म्हणजे तेच काम तो दुसऱ्या साधनाने करतो. म्हणून या दोन्ही जंतूंना एकाच वेळी रोखणारी लस तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत, आणि तिच्यात ‘व्हीआय’च्या जोडीला त्या लांब साखळ्यांची शर्कराही घालावी लागते.